मोठ्या वस्तूंवरील विद्युतचुंबकीय प्रकीर्णनाचे संगणन

रडारची लहर धातूच्या वस्तूवर आदळली की तिच्या पृष्ठभागावर विद्युतप्रवाह निर्माण होतात. त्या प्रवाहांपासून निघणारी नवी लहर सर्व दिशांना पसरते. या क्रियेस विद्युतचुंबकीय प्रकीर्णन म्हणतात. रडारच्या दिशेने किती ऊर्जा परतते, हे ‘रडार छेदक्षेत्र’ या राशीने दर्शवितात. गोलासारख्या मोजक्या आकारांसाठीच याचे अचूक उत्तर सूत्राने मिळते (गुस्टाव मी, 1908). इतर आकारांसाठी संगणकाचा आधार घ्यावा लागतो.

येथे ‘मोठी’ हा शब्द मीटरमध्ये नव्हे, तर तरंगलांबीच्या तुलनेत घ्यावयाचा असतो. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे भारतीय सैन्याच्या चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आणि रणगाड्यांचे संग्रहालय आहे. तेथे दिसतो तसा, तोफेची नळी वगळता सुमारे 7 मीटर लांबीचा रणगाडा उदाहरणादाखल घेऊ. 10 गिगाहर्ट्झच्या रडारची तरंगलांबी 3 सेंटिमीटर असते. म्हणजे रणगाडा तिच्या सुमारे 230 पट लांब ठरतो. शेजारच्या पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीची 45 मीटर व्यासाची तबकडी 21 सेंटिमीटर तरंगलांबीला सुमारे 214 पटच भरते. डोळ्यांना भव्य वाटणारी तबकडी या हिशेबात रणगाड्याहून किंचित लहानच आहे.

मोमेंट पद्धतीत पृष्ठभागाचे तरंगलांबीच्या सुमारे दहाव्या भागाएवढे तुकडे पाडून प्रत्येकावरील प्रवाह अज्ञात मानतात. रॉजर हॅरिंग्टन यांच्या 1968 च्या ग्रंथाने ती रूढ झाली. रणगाड्याचा पृष्ठभाग 100 चौरस मीटर धरला, तर एक कोटीहून अधिक अज्ञाते येतात. प्रत्येक तुकड्याचा दुसऱ्या प्रत्येकावर परिणाम होत असल्याने आव्यूहात 10^14 हून अधिक संख्या भरतात. दर संख्येस 8 बाइट दिले, तरी किमान 800 टेराबाइट जागा हवी. वारंवारता दुप्पट केल्यास अज्ञाते चौपट, जागा सोळापट आणि सरळ रीतीने सोडविण्याचे श्रम चौसष्टपट होतात.

ही कोंडी बहुस्तरीय शीघ्र बहुध्रुव पद्धतीने फोडली. तिचे तत्त्व टपालासारखे आहे. संगमनेर तालुक्यातील प्रत्येक गावाचे पत्र कर्जत तालुक्यातील प्रत्येक गावी स्वतंत्र माणसाकरवी जात नाही. ते तालुक्याला एकत्र होते, पुढे जाते आणि तेथून वाटले जाते. तसेच दूरच्या तुकड्यांचे परिणाम गटागटाने मोजतात, जवळच्यांचे मात्र थेट. रॉखलिन व ग्रीनगार्ड यांनी 1987 मध्ये मांडलेली मूळ कल्पना पुढे इलिनॉय विद्यापीठात वेंग चो च्यू यांच्या गटाने प्रकीर्णनासाठी बहुस्तरीय केली. त्यामुळे संपूर्ण आव्यूह साठवावाच लागत नाही.

याहून स्वस्त मार्ग म्हणजे लहरीला किरणांप्रमाणे वागविणे. भौतिक प्रकाशकीत केवळ उजळलेल्या भागावरील प्रवाह धरतात, छायेतील सोडून देतात. कडांवरील विवर्तनाची उणीव जोसेफ केलर आणि सोव्हिएत शास्त्रज्ञ प्योत्र उफिम्त्सेव यांच्या सिद्धांतांनी (दोन्हींची प्रमुख प्रकाशने 1962) बरीचशी भरून काढली. सपाट चिलखतावर हे मार्ग समाधानकारक ठरतात. चाके, साखळपट्टा आणि बुरूज व धड यांमधील खाचा येथे लहर वारंवार परावर्तित होत असल्याने ते फसतात. म्हणून अशा भागांपुरती मोमेंट पद्धत आणि उर्वरित भागास किरण-पद्धत, अशी मिश्र योजना करतात.

नवी संगणक-प्रणाली प्रथम धातूच्या गोलावर पडताळतात. परंतु गोलाला कडाही नसतात आणि खाचाही. त्यामुळे पुढे प्रतिध्वनिरहित कक्षात वस्तूच्या लहान प्रतिकृतीवर मोजमापे घेतात. प्रतिकृती दहापट लहान असेल, तर वारंवारता दहापट वाढवितात.