अंगठा आणि आंकडा

माणगंगेच्या काठचें म्हसवड हें गांव आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांना सिद्धनाथाच्या देवस्थानामुळें ठाऊक असेल. आणि गोंदवल्यास श्रीब्रह्मचैतन्यांच्या समाधीच्या दर्शनाला गेलेल्यांनीं पावसानें पाठ फिरविलेला तो उघडाबोडका मुलूख डोळ्यांनीं पाहिलाही असेल. ह्याच म्हसवडांत १९९६ सालीं कांहीं स्त्रियांनीं स्वतःची बँक काढण्याचें मनावर घेतलें. श्रीमती चेतना सिन्हा ह्यांच्या पुढाकारानें रिझर्व्ह बँकेकडे अर्ज गेला आणि नामंजूर होऊन परत आला. प्रवर्तक स्त्रियांपैकीं अनेकींना लिहितां-वाचतां येत नव्हतें. सहीच्या जागीं अंगठे उठले होते. त्या बायांनीं हाय खाल्ली नाहीं. त्या अक्षरें शिकल्या, व्याजाचे हिशेब तोंडीं करून दाखविण्याच्या तयारीनें पुन्हां अधिकाऱ्यांपुढें उभ्या राहिल्या, आणि १९९७ सालीं माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

पुढें काळानें मोठी गंमत केली. ज्या अंगठ्यामुळें अर्ज फिरला, तोच अंगठा आज पैसे काढण्याची, धान्य मिळण्याची आणि माणूस जिवंत आहे हें सिद्ध करण्याची किल्ली होऊन बसला आहे. बँकेनें यंत्रावरून व्यवहार सुरू करून सभासद स्त्रियांना गुप्त अंक देऊं केला, तेव्हां त्यांनीं तो नको म्हटलें. अंक कोणीही चोरील, माझा अंगठा कोण चोरणार, असा त्यांचा सवाल होता. ही हकीकत सिन्हाबाईंनीं स्वतः २०१८ सालच्या एका जाहीर व्याख्यानांत सांगितली आहे. उत्तर बाणेदार खरें. परंतु तें कितपत बरोबर आहे, आणि ज्या बारा आंकड्यांच्या पाठीशीं आपला अंगठा उभा केला गेला आहे, ते आंकडे विसरले, त्यांचा कागद हरवला किंवा ते भलत्याच्या हातीं पडले, तर गृहस्थानें व गृहिणीनें काय करावें, ह्याचा विचार येथें करावयाचा आहे.

अंगठ्याच्या ठशाची उपयुक्तता राज्यकर्त्यांच्या लक्षांत प्रथम आपल्याच देशांत आली. १८५८ सालीं बंगालमध्यें विल्यम हर्शेल ह्या अधिकाऱ्यानें एका करारावर सहीबरोबर हाताचा ठसा घेतला, आणि १८९७ सालीं कलकत्त्यास बोटांच्या ठशांची स्वतंत्र कचेरी निघाली. ह्या जुन्या कल्पनेला संगणकाची जोड देऊन २००९ सालीं भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरण स्थापन झालें, आणि पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजीं आपल्या महाराष्ट्रांत, नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली ह्या आदिवासी गांवीं दिला गेला. ह्या क्रमांकाच्या बारा आंकड्यांत जात, गांव, वय ह्यांपैकीं कांहींच गुंफलेलें नाहीं. अकरा आंकडे यदृच्छेनें आलेले असतात. बारावा मात्र राखणदार आहे. व्हेरहूफ नांवाच्या डच गणितज्ञानें १९६९ सालीं प्रसिद्ध केलेल्या रीतीनें तो काढतात, आणि सांगतांना एखादा आंकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले तर यंत्र ती चूक तत्काळ ओळखतें.

आतां हरवण्याविषयीं. पहिली गोष्ट ध्यानांत धरावयाची ती ही कीं, हरवतें तें पत्र. क्रमांक हरवत नाहीं. एका माणसास जन्मभर एकच क्रमांक, असा नियम आहे. म्हणून “जुनें हरवलें ना, मग नवें काढून घ्या” असा सल्ला कोणी दिला तर तो मानूं नये. नव्यानें नोंदणी केली तरी बोटांचे ठसे व बुबुळें जुन्या नोंदीशीं जुळतात आणि अर्ज फेटाळला जातो. मध्यंतरीं दिवस फुकट जातात ते निराळेच.

क्रमांक शोधावयाचा तो आधीं घरांतच शोधावा. बँकेंत, गॅसच्या दुकानीं, शाळेंत किंवा शिधापत्रिकेच्या कामीं दिलेली एखादी प्रत बहुधा कोठें तरी सांपडते. ती नसेल तर नोंदणीच्या वेळीं मिळालेली पावती पाहावी. तिच्यावर चौदा आंकड्यांचा नोंदणी क्रमांक आणि दिवस-वेळ छापलेली असते, व तेवढ्यावरूनही पुढचा तपास लागतो. पावतीही नसेल, परंतु नोंदणींत दिलेला मोबाईल चालू असेल, तर प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर आपलें नांव व तो मोबाईल क्रमांक भरावा. त्यावर ‘ओटीपी’ म्हणतात तो एकवेळचा सांकेतिक अंक येतो, आणि तो भरला कीं आधार क्रमांक कळविला जातो. १९४७ ह्या क्रमांकावर दूरध्वनी करूनही विचारणा करतां येते. स्वातंत्र्याचें साल लक्षांत ठेवलें म्हणजे झालें. ह्यांपैकीं एकही उपाय लागू पडत नसेल तर आधार केंद्रावर स्वतः जाऊन बोटें किंवा बुबुळें जुळवून क्रमांक मिळवावा. क्रमांक हातीं आला कीं पत्राचें काम सोपें आहे. संकेतस्थळावरून उतरविलेलें ई-आधार मूळ पत्राइतकेंच ग्राह्य आहे, आणि टिकाऊ प्लॅस्टिकचें कार्ड अल्प शुल्क भरून मागविल्यास नोंदलेल्या पत्त्यावर टपालानें येतें.

वाचतांना हें सारें सरळ दिसतें. परंतु हा सारा मार्ग एका मोबाईलवरून जातो, आणि माणांत अडतें तें नेमकें तेथेंच. हा मुलूख आपल्या माणसांना घरीं पोसूं शकत नाहीं. कोणी ऊसतोडीला जातो, कोणी मेंढरें घेऊन महिनोन्महिने रानोरान हिंडतो, आणि आटपाडी-विट्याकडील गलाई कारागीर तर सोनें-चांदी गाळण्याच्या धंद्यानिमित्त देशाच्या कानाकोपऱ्यांत पसरले आहेत. गांवीं राहते ती म्हातारी आई, नाहीं तर मुलाबाळांसह सून. आईच्या आधारास जोडलेला मोबाईल पुष्कळदां मुलाचा असतो आणि तो कोइमतूरच्या पेढीवर, किंवा नोंदणीच्या दिवशीं केंद्रचालकानें भरलेला भलताच कोणाचा तरी. कित्येकदां तर तो क्रमांक बंद पडून वर्षें लोटलेलीं असतात. २०२५ सालच्या सप्टेंबरांत ‘लाडकी बहीण’ योजनेच्या लाभार्थी स्त्रियांची पडताळणी सुरू झाली, तेव्हां त्यांच्या स्वतःच्या आधाराबरोबर पतीच्या किंवा पित्याच्याही आधारास जोडलेल्या मोबाईलवर आलेला अंक मागितला जाऊं लागला. ज्या घरांत नवरा दूर आणि त्याचा जुना मोबाईल बंद, त्या घरांतील बाईची त्या वेळीं काय अवस्था झाली असेल, ह्याची कल्पना वाचकभगिनींनींच करावी. विधवा व परित्यक्ता ह्यांची अडचण तर उघडच होती.

म्हणून मोबाईलचा दुवा ठीक ठेवणें हें पहिलें कर्तव्य समजावें. त्यासाठीं कागदपत्रांची जरूर नाहीं. स्वतःचा ठसा पुरतो. ज्यांना केंद्रापर्यंत जाववत नाहीं अशांसाठीं २०२१ सालापासून टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमनकडूनही घरबसल्या हें काम करून घेण्याची सोय झाली आहे. वाडीवस्तीवरच्या म्हातारीला तालुक्याची खेप घालावी लागूं नये, हा केवढा उपकार आहे! कित्येक घरांत सर्व माणसांच्या आधारास कर्त्या पुरुषाचा एकच मोबाईल जोडलेला असतो. ही सोय वाटते, पण ज्या दिवशीं तो मोबाईल हरवतो त्या दिवशीं सारें घर एकदम मुकें होतें. शक्य तेथें घरच्या सुनेचा क्रमांक निराळा असावा.

दुसरा दुवा अंगठ्याचा. जन्मभर विळा, खुरपें आणि चुलीची राख हाताळलेल्या बोटांवरच्या रेषा झिजतात, आणि यंत्राला ती बाई ओळखूं येत नाहीं. अशा वेळीं “तुमचा अंगठा उठत नाहीं, धान्य मिळणार नाहीं” हें उत्तर अंतिम समजूं नये. बुबुळांवरून व चेहऱ्यावरून ओळख पटविण्याच्या रीतीही आहेत. निवृत्तिवेतनधारकांचा हयातीचा दाखला चेहऱ्यावरून देतां येतो हें आमच्या अनेक वाचकांना स्वानुभवानें माहीत असेल. शिवाय ठसा जुळला नाहीं एवढ्याच कारणावरून कोणास लाभ नाकारूं नये, दुसऱ्या रीतीनें ओळख पटवून तो द्यावा, अशा सूचना ऑक्टोबर २०१७ मध्येंच दिल्या गेल्या आहेत. दुकानदाराशीं भांडण्यापेक्षां ही गोष्ट त्याला शांतपणें सांगावी.

तिसरा दुवा नांवाचा, आणि तो मुलींच्या आयांनीं विशेष लक्षांत घ्यावा. आधारावरील नांव जन्मांत सामान्यतः दोनच वेळां बदलतां येतें. आपल्याकडे लग्नानंतर मुलीचें वडिलांचें नांव व आडनांव जातें, आणि कांहीं घरांत अजून पाळण्यांतलें नांवही बदलतें. त्यांत एक संधि खर्ची पडते. तेव्हां बदल करण्यापूर्वीं बँकेंत, पॅनवर आणि पारपत्रावर नांव कसें लिहावयाचें तें एकदांच ठरवून, अक्षर न् अक्षर सारखें ठेवावें. मुलांच्या बाबतींत पांचव्या व पंधराव्या वर्षीं ठसे नव्यानें द्यावे लागतात. मुंजीप्रमाणें तोही वयाचा एक संस्कारच समजावा, म्हणजे विसर पडणार नाहीं!

आतां रक्षणाविषयीं. अमेरिकेंत १९३६ सालीं सामाजिक सुरक्षेचा क्रमांक सुरू झाला. १९३८ सालीं लॉकपोर्ट येथील एका पाकिटें बनविणाऱ्या कंपनीनें, आपल्या पाकिटांत हें कार्ड कसें नीट बसतें तें दाखविण्यासाठीं आंत नमुन्याचें कार्ड घातलें, आणि त्यावर कंपनींतील एका चिटणीस बाईंचा खरा क्रमांक छापला. कार्डावर ‘नमुना’ असें लिहिलेलें असतांही लोक तो क्रमांक स्वतःचा म्हणून सांगूं लागले. १९४३ सालीं ५,७५५ जण तो वापरीत होते, आणि एकंदर चाळीस हजारांहून अधिक लोकांनीं तो आपला म्हणून दिला. सरकारनें अखेर तो क्रमांक रद्द करून त्या बाईंना नवा दिला. आपला आधार क्रमांक मात्र असा सहजासहजीं पालटून मिळत नाहीं. म्हणूनच तो मिरविण्यापेक्षां झांकून ठेवावा हें बरें. २०१८ सालच्या जुलैंत दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे तत्कालीन अध्यक्ष श्री. शर्मा ह्यांनीं आपला क्रमांक जाहीर करून “काय बिघडवतां तें पाहूं” असें आव्हान दिलें, तेव्हां कांहीं तासांतच त्यांचा पत्ता, जन्मतारीख वगैरे माहिती लोकांनीं गोळा करून मांडली. ती आधारच्या कोठारांतून फुटलेली नाहीं असें प्राधिकरणानें सांगितलें. पण कोणीही आपला क्रमांक असा चव्हाट्यावर मांडूं नये, असेंही त्याच वेळीं बजावलें.

झांकण्याचे उपाय सोपे आहेत. जेथें केवळ ओळख दाखवावयाची असेल तेथें शेवटचे चारच आंकडे दिसणारें ‘मास्क्ड’ आधार द्यावें. जेथें क्रमांक मागतात तेथें आभासी क्रमांक चालतो का तें विचारावें. २०१८ सालीं निघालेला हा सोळा आंकड्यांचा क्रमांक हवा तेव्हां बदलतां येतो. प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर कारण व तारीख लिहून सही करावी. ई-आधाराची फाईल सार्वजनिक दुकानांतील संगणकावर ठेवून येऊं नये. तिचा परवलीचा शब्द म्हणजे नांवाचीं पहिलीं चार इंग्रजी अक्षरें व जन्मसाल, आणि हीं दोन्ही सांगावयाला शेजारीही पुरेसा आहे. ओटीपी तर पोटच्या पोराखेरीज कोणास सांगूं नये.

राहतां राहिला म्हसवडच्या बायांचा प्रश्न: अंगठा कोण चोरणार? दुर्दैवानें चोरणारे निघाले आहेत. २०१८ सालीं तेलंगणांत जमिनीच्या दस्तांवरील अंगठ्यांचे ठसे उचलून त्यांच्या रबरी नकला केल्याचें उघडकीस आलें. त्याहून साधी चोरी म्हणजे “अंगठा उठला नाहीं, पुन्हां लावा” असें सांगून दोनदां पैसे काढण्याची. तिला रबरही लागत नाहीं. ज्यांच्या हातीं स्वतःचा मोबाईल आहे त्यांनीं आपले ठसे कुलूपबंद करून ठेवावे. संकेतस्थळावर ती सोय आहे, आणि आपला आधार कोठें कोठें वापरला गेला ह्याचा वृत्तान्तही तेथें दिसतो. परंतु दरमहा दुकानांत अंगठा लावणाऱ्या म्हातारीला हें कुलूप अडचणीचें होईल. तिच्या आधारास जोडलेल्या खात्यांत जरुरीपुरतेच पैसे ठेवावे, प्रत्येक अंगठ्यामागें पावती मागावी, आणि महिन्यांतून एकदां पासबुक भरून आणून कोणा जाणत्याकडून वाचून घ्यावें.

मार्गशीर्षाच्या प्रतिपदेला म्हसवडास सिद्धनाथाचा रथ निघतो, तेव्हां दूरदूरचे माणदेशी घराकडे वळतात. आपापल्या कुळाचाराप्रमाणें असा एक दिवस प्रत्येक घराला असतोच. त्या दिवशीं जेवणें आटोपल्यावर घरांतील प्रत्येकाचें आधार बाहेर काढावें, नांव, पत्ता व मोबाईल ताडून पाहावा, जें चुकलें असेल त्याची यादी करावी, आणि क्रमांक एका वहींत लिहून ती वही दागिन्यांच्या पेटींत ठेवावी. अर्ध्या तासाचें काम आहे. आणि मुलगा परत आपल्या कामाच्या गांवीं जाण्यापूर्वीं आईला पोस्टमनकडे किंवा केंद्रावर नेऊन तिचा दुवा ठीक करून देईल, तर तिला पुढें वर्षभर कोणाच्या दारीं उभें राहावें लागणार नाहीं.