बारा मिनिटांची कसोटी

दोन माणसें मैदानाला सारख्याच वेगानें एक फेरी घालून येतात. एकाला धाप लागलेली असते, दुसरा सहज बोलूं शकतो. दुसऱ्याचा दम मोठा, असें आपण म्हणतों. हा दम म्हणजे नेमकें काय, आणि तो आकड्यांत मोजतां येईल काय, याचा विचार आज करावयाचा आहे.

धांवतांना स्नायूंना प्राणवायु लागतो. फुप्फुसें तो हवेंतून घेतात, रक्त तो वाहून नेतें आणि हृदय त्या रक्ताला गति देतें. वेग वाढतो तशी ही मागणी वाढते. परंतु एका मर्यादेपलीकडे पुरवठा वाढत नाहीं. ही मर्यादा इंग्लंडांतील मँचेस्टर येथें ए. व्ही. हिल व त्यांचे सहकारी यांनीं १९२३ सालीं दाखविली. पाठीवर पिशवी बांधून व तींत उच्छ्वासाची हवा गोळा करीत स्वतः हिलही हिरवळीवर धांवले होते. दर मिनिटास, दर किलोग्रॅम वजनामागें, शरीर जास्तींत जास्त किती मिलिलिटर प्राणवायु वापरूं शकतें, हा आकडा म्हणजेच दमाचें शास्त्रीय माप होय.

हें माप नीट घ्यावयाचें तर प्रयोगशाळा, फिरता पट्टा आणि वायूचें पृथक्करण करणारीं यंत्रें हवींत. मोठ्या पलटणीची परीक्षा अशी कशी घ्यावी? अमेरिकन हवाई दलांतील डॉक्टर केनेथ कूपर यांनीं यावर सोपा उपाय शोधला. ११५ जणांना बारा मिनिटें धांवावयास लावून त्यांनीं अंतर मोजलें, आणि त्यांचाच प्राणवायु प्रयोगशाळेंतही मोजला. १९६८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखाप्रमाणें या दोन मापांतील सहसंबंध ०.८९७ निघाला, पूर्ण मेळ असता तर तो १ आला असता.

इतका वेळ कां धांवावयाचें? थोडें अंतर माणूस उधारीवर धांवूं शकतो. स्नायूंतील सांठ्यावर काम भागतें आणि प्राणवायूचें ऋण मागाहून धापा टाकून फेडलें जातें. ‘ऋण’ ही कल्पना हिल यांचीच. परंतु बारा मिनिटांचा संसार उधारीवर चालत नाहीं. तेथें बहुतेक सारें चालू मिळकतीवरच भागवावें लागतें.

रीत सोपी आहे. सपाट, मोजलेली वाट घ्यावी. ४०० मीटरची आंखलेली धांवपट्टी असल्यास उत्तम. प्रथम दहा मिनिटें अंग मोकळें करावें, आणि मग बारा मिनिटांत होईल तितकें अंतर तोडावें. दम तुटल्यास चालावें. मीटरमधील अंतरांतून ५०५ वजा करून बाकीस ४४.७ नें भागलें कीं अंदाज मिळतो. सहा फेऱ्या, म्हणजे २४०० मीटर, झाल्यास उत्तर सुमारें ४२ येतें. पांच फेऱ्यांस सुमारें ३३.

मात्र याला अंदाजच म्हणावें. आरंभींच जीव तोडून धांवणारा लवकर थकतो व त्याचा आकडा उगाच कमी येतो. मुंबईच्या दमट उन्हाळ्यांत तोच माणूस थंडीपेक्षां कमी अंतर तोडील. मूळ परीक्षा सैन्यांतील पुरुषांची होती. म्हणून स्त्रिया, मुलें व वृद्ध यांना तो हिशेब जसाच्या तसा लावूं नये. शेजाऱ्याशीं चढाओढ करण्यापेक्षां, त्याच मैदानावर व तशाच हवेंत, दोन-तीन महिन्यांच्या सरावानंतर स्वतःच्याच मागच्या आकड्याशीं तुलना करावी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटीं सांगतों. ही कसोटी दम मोजते. हृदयाचा रोग शोधीत नाहीं. चांगलें अंतर तोडणाऱ्याच्याही हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असूं शकतात. ज्यांनीं पस्तिशी ओलांडली आहे, ज्यांचें काम बैठें आहे, किंवा ज्यांना रक्तदाब अथवा मधुमेह आहे, त्यांनीं आधीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा व कांहीं आठवडे भरभर चालण्याचा सराव करावा. धांवतांना छातींत दुखूं लागलें किंवा भोंवळ आली, तर तेथल्या तेथें थांबावें आणि विनाविलंब डॉक्टर गांठावा. अशा वेळीं उरलेलीं मिनिटें पुरीं करण्यांत कांहींच पुरुषार्थ नाहीं.