मोंबासाचा बाजार: शब्द ओळखीचे, घड्याळ निराळे

केनियाच्या मोंबासा बंदरात प्रथमच उतरलेला भारतीय व्यापारी बाजारातले बोलणे ऐकून चकित होतो. स्वाहिलीत दुकान म्हणजे 'दुका', हिशेब म्हणजे 'हेसाबू', विमा म्हणजे 'बिमा', नफा म्हणजे 'फाइदा' आणि तोटा म्हणजे 'हसारा', म्हणजे आपला खसाराच! चपाती आणि समोसाही मिळतात. नवल नाही, मोसमी वाऱ्यांवर अरबांची आणि कच्छ-गुजरातची गलबते इथे शतकानुशतके येत होती. १८९६ साली येथून रेल्वेचे काम सुरू झाले तेव्हा हजारो भारतीय मजूर आणले गेले. १९२० पर्यंत चलनही रुपयाचेच होते.

एवढ्या आपलेपणाने माणूस गाफील राहतो. घड्याळ मात्र निराळे आहे. स्वाहिलीत दिवसाचे तास सकाळी सहापासून मोजतात. सात वाजले की 'सा मोजा', म्हणजे पहिला तास. दुकानदाराने 'सा न्ने', अर्थात चार, अशी वेळ दिली तर सकाळी दहाला हजर व्हावे. दुपारी चारला गेलात तर सौदा दुसऱ्याने केलेला असायचा! इंग्रजीत बोलताना तेच लोक आपल्यासारखीच वेळ सांगतात, म्हणून 'सकाळी की दुपारी' हे विचारून घेतलेले बरे.

आणखी एक. २०१७ पासून तेथे प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी असून दंड चाळीस लाख शिलिंगपर्यंत होऊ शकतो. मालाचे नमुने कापडी पिशवीतूनच न्यावेत. पीतज्वराची लसही निघण्यापूर्वी किमान दहा दिवस आधी टोचून घ्यावी. परतताना भारतात तिचा दाखला मागतात.