सोनेरी महालापुढचा वेरूळ-अजिंठा महोत्सव

वेरूळ-अजिंठा महोत्सव हा छत्रपती संभाजीनगर येथे भरणारा शास्त्रीय गायन, वादन व नृत्याचा शासकीय महोत्सव आहे. नावात दोन्ही लेणी असली तरी आज तो दोन्हींपैकी एकाही ठिकाणी होत नाही. अजिंठ्याची भित्तिचित्रे तर प्रेक्षकांच्या श्वासातला दमटपणाही सोसत नाहीत. तिथे मैफलीचा विचारच नको.

पूर्वी हा महोत्सव वेरूळच्या 16 क्रमांकाच्या लेण्यापुढे, म्हणजे आठव्या शतकात कळसापासून पायाकडे कोरत आणलेल्या कैलास मंदिरासमोर रंगे. दिव्यांनी उजळलेला कातळ आणि पुढे नर्तकी, या दृश्याला तोड नव्हती. पण गर्दी, प्रखर दिवे आणि ध्वनिवर्धक यांचा वास्तूवर ताण पडतो. शिवाय 1959 च्या नियमांनुसार केंद्र-संरक्षित स्मारकात करमणुकीचे कार्यक्रम लेखी परवानगीशिवाय करता येत नाहीत. पुढे महोत्सव शहरात, विद्यापीठ परिसरातील सोनेरी महालापुढे आला.

डोंगराच्या पायथ्याची ही दगड-चुन्याची दुमजली हवेली सतराव्या शतकाच्या मध्यास बुंदेला सरदार पहाडसिंगाने बांधली. आतल्या सोनेरी रंगकामावरून तिला हे नाव पडले. आत राज्य पुरातत्त्व विभागाचे संग्रहालय आहे. उंच जोत्यावरचा कमानींचा दर्शनी भाग रंगमंचामागे आयताच उभा राहतो. वेगळा पडदा लावावा लागत नाही. वेरूळला जगभरचे पर्यटक तसेही येतात. बीबी का मकबरा पाहून परत फिरणाऱ्यांना मात्र जवळचा हा महाल ठाऊकही नसतो. त्यामुळे नाइलाजाने झालेले हे स्थलांतर महालाच्या पथ्यावरच पडले.

अशा उत्सवाचे दुखणे सातत्याचे. 2016 नंतर महोत्सवात खंड पडला आणि तो थेट फेब्रुवारी 2023 मध्ये पुन्हा भरला. जागा बदलण्याची वेळही एकट्या याच महोत्सवावर आली असे नाही: मध्य प्रदेशात 1975 साली सुरू झालेला खजुराहो नृत्य महोत्सवही अनेक वर्षे मंदिर-आवाराबाहेर होत होता; 2021 मध्ये तो पुन्हा पश्चिम मंदिरसमूहाच्या आवारात गेला.

उघड्यावरच्या मैफलीला घड्याळाचाही काच असतो. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 नंतर ध्वनिवर्धक बंद. राज्य सरकार वर्षातून फार तर 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. म्हणून मालकंस, दरबारी असे रात्री उशिराचे राग ऐकायचे तर ते बहुधा वेळेआधीच, आणि समारोपाची भैरवी तर मध्यरात्रीच्या आत.