एकिनेशियाची मुळे व बहुवर्षायू बाग

मंख यांनी १७९४ मध्ये नाव दिलेली एकिनेशिया ही उत्तर अमेरिकेतील प्रजाती. तिच्या जातींतील, बागेच्या दृष्टीने, खरा भेद फुलांत नसून मुळांत आहे. पर्पुरियाची मुळे तंतुमय. म्हणून तिची जुनी बेटे विभागून लावता येतात. पॅलिडा व अँगुस्टिफोलिया यांना खोल सोटमूळ असते व पुनर्रोपण सहसा मानवत नाही. त्यांचे बी कायम जागीच पेरावे. त्यास ओलसर थंडीचा काळ लाभल्यास उगवण सुधारते. नॅशव्हिलभोवतीच्या चुनखडीवरील उथळ मातीत वाढणारी टेनेसीएन्सिस ही जाती १९७९ मध्ये संकटग्रस्त सूचीत आली व २०११ मध्ये तीतून वगळली गेली. परंतु या जातींचा परस्परांशी संकर होतो. सबब पर्पुरियाशेजारी वाढलेल्या टेनेसीएन्सिसचे बी तिच्या मूळ अधिवासात नेऊ नये.