बटण दाबले, पण गाडी सुरू होईना

लखनौ शहरात गोमतीच्या पलीकडे, फैजाबाद रस्त्याला लागून इंदिरा नगर ही मोठी वसाहत आहे. २०१९ साली मेट्रो येथील मुन्शी पुलियापर्यंत येऊन पोहोचली. तरीही मुलांना शाळेत सोडणे, भूतनाथ बाजारातून भाजी आणणे, आजारी माणसाला दवाखान्यात नेणे, ही कामे येथील असंख्य कुटुंबे अजून दुचाकीवरच उरकतात. जानेवारीत या शहरावर धुके उतरते आणि पहाटे पारा पुष्कळदा दहा अंशांच्या खाली जातो. नेमकी अशाच सकाळी गाडी रुसते. बटण दाबावे, तर आतून नुसता ‘टक्’ असा आवाज येतो. कधी तोही येत नाही. हा अनुभव एकट्या लखनौचा नव्हे. नागपूर, नाशिक किंवा जळगाव येथील वाचकांनाही तो नवा नसेल.

अशा वेळी घरात दोन प्रकार घडतात. एक तर गाडीचा मालक रागारागाने बटण दाबत राहतो आणि बॅटरीत उरलेली थोडीबहुत शक्तीही संपवून टाकतो. किंवा कोणीतरी “बॅटरी गेली” असा निकाल देतो आणि तडकाफडकी नवी बॅटरी आणली जाते. पुढे पंधरवड्यात तीही उतरली, की मग कळते की दोष बॅटरीचा नव्हताच. मधल्या वेळात पैसे गेलेले असतात आणि ऐन गरजेच्या वेळी वाहन दाराशी असून नसल्यासारखे झालेले असते. म्हणून पाना हाती घेण्यापूर्वी, आणि पाकीट उघडण्यापूर्वीही, दोष कोठे आहे हे ओळखावयास शिकणे प्रत्येक कुटुंबाच्या हिताचे आहे. हे काम वाटते तितके अवघड नाही.

किक गेली, भिस्त बॅटरीवर आली

एके काळी हा प्रश्न उद्भवतच नसे. स्वातंत्र्यानंतर मुंबईत लॅम्ब्रेटा स्कूटर तयार होऊ लागली. पुढे १९७२ साली लखनौतच ‘स्कूटर्स इंडिया’ हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि त्याची ‘विजय सुपर’ देशभर धावली. हा कारखाना बंद करण्याचा निर्णय २०२१ साली झाला. या स्कूटर पायाने किक मारून सुरू करीत. गाडी एका बाजूस कलवावी, मग किक मारावी, हा विधी त्या पिढीतील घराघराला पाठ होता. १९८४ साली ‘कायनेटिक होंडा’ आली आणि नुसते बटण दाबून सुरू होणारी स्कूटर मध्यमवर्गाच्या अंगणात उभी राहिली. स्त्रियांना आणि वयस्कांना त्यामुळे केवढी सोय झाली, हे सांगावयास नकोच.

प्रारंभी बटणाबरोबर किकही असे. एक रुसली तर दुसरी मदतीस येई. आता अनेक मोटारसायकलींवरून किक नाहीशी झाली आहे. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे ‘बीएस-६’ हे नियम लागू झाले आणि बहुतेक दुचाकींत कार्ब्युरेटरऐवजी इंधन फवारणारी विद्युत यंत्रणा आली. या यंत्रणेचा पंप आणि तिचा छोटा संगणक यांनाही वीज लागते. साहजिकच बॅटरीवरचा भार वाढला. पूर्वी बॅटरी ही सोय होती; आज गाडीचे सुरू होणेच तिच्यावर अवलंबून आहे.

बटणामागे काय घडते?

आपण बटण दाबतो तेव्हा तीन अवयव क्रमाने कामास लागतात. बॅटरी वीज पुरवते. रिले नावाचा विद्युत खटका मोठ्या प्रवाहाची वाट मोकळी करतो. आपल्याला ऐकू येणारा ‘टक्’ हा आवाज त्याचाच. मग स्टार्टर मोटर फिरते आणि इंजिनाला गती देते. इंजिन स्वतःच्या बळावर चालू लागले, की त्याच्याच फिरण्यातून वीज निर्माण होते आणि बॅटरीतून खर्च झालेली शक्ती भरून निघते. या साखळीतील कोणतीही कडी निखळली तरी वरवर परिणाम एकच दिसतो: गाडी सुरू होत नाही. परंतु प्रत्येक कडीची तक्रार करण्याची रीत मात्र निराळी असते.

आधी कान आणि डोळे वापरावेत

किल्ली फिरवून बटण दाबताना काय ऐकू येते आणि काय दिसते, इकडे लक्ष द्यावे.

काहीच आवाज नाही, पण दिवे आणि हॉर्न नेहमीसारखे आहेत, असे असेल तर प्रथम साध्या गोष्टी पाहाव्यात. हँडलवरचे इंजिन बंद करण्याचे लाल बटण चुकून दाबले गेले आहे काय? बाजूचा स्टँड खाली आहे काय? गाडी न्यूट्रलमध्ये आहे काय, किंवा क्लच पुरता दाबला आहे काय? स्कूटर असेल तर ब्रेक दाबला आहे काय? यांपैकी एक अट चुकली तरी अनेक गाड्या मुद्दामच सुरू होत नाहीत. हे सारे ठीक असेल, तर बटण, त्याची वायर किंवा रिले यांचा संशय घ्यावा.

किल्ली फिरवूनही दिवे अजिबात लागत नसतील, तर फ्यूज उडाला असेल, बॅटरीची वायर सुटली असेल किंवा बॅटरी पूर्ण उतरली असेल.

भराभर ‘टक्-टक्-टक्’ असा आवाज येतो आणि त्याबरोबर दिवे मंदावतात, हे उतरलेल्या बॅटरीचे किंवा सैल टर्मिनलचे लक्षण होय. इंजिन जड पावलाने, कण्हत फिरत असेल तरी रोख तिकडेच असतो.

एकच ठळक ‘टक्’ आवाज येऊन पुढे शांतता पसरते आणि दिवे मात्र तेजस्वी राहतात, तर बॅटरीला दोष देऊ नये. रिलेच्या आतील टोके जळलेली असतील किंवा स्टार्टर मोटरचे कार्बन ब्रश झिजलेले असतील.

मोटर ‘घर्रर्र’ अशी वेगाने फिरते पण इंजिन जागचे हलत नाही, अशा वेळी मोटर आणि इंजिन यांना जोडणारा स्टार्टर क्लच घसरत असतो. येथेही बॅटरी निर्दोष असते.

इंजिन झपाझप फिरते, तरी सुरू होत नाही. मग दोष इंधनाचा किंवा स्पार्क प्लगचा. या लेखाच्या विषयाशी त्याचा संबंध नाही, एवढे कळले तरी अर्धे काम झाले.

येथे एक पुरवणी जोडावयास हवी. काही नव्या गाड्यांत वीज निर्माण करणारे यंत्रच स्टार्टरचेही काम करते. त्या जवळजवळ निःशब्द सुरू होतात. त्यांच्या बाबतीत आवाजापेक्षा दिव्यांच्या तेजावर अधिक विसंबावे.

मीटरचे तीन आकडे

साधा मल्टिमीटर घरी असला तर अंदाजाची जागा आकडे घेतात. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात आणि प्रत्येकातून सुमारे २.१ व्होल्ट मिळतात. म्हणून रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची निरोगी बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. १२ च्या आसपास आकडा आला तर ती जवळजवळ रिकामी समजावी.

दुसरा आकडा बटण दाबलेले असताना घ्यावा. तो साधारण १० व्होल्टच्या बराच खाली कोसळत असेल, तर भरलेली दिसणारी बॅटरीही आतून थकलेली आहे.

तिसरा आकडा सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच घ्यावयाचा राहून जातो. गाडी कशीबशी सुरू झाल्यावर इंजिनाला थोडा वेग देऊन मोजावे. १३.५ ते १४.५ व्होल्ट आले तर चार्जिंग व्यवस्थित आहे. आकडा १२ च्या घरातच घोटाळला तर बॅटरीला पुरवठाच होत नाही, आणि १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे. दोन्ही प्रसंगी नवी बॅटरी बसवणे म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणे होय. मीटर नसेल तर मेकॅनिककडे हा तिसरा आकडा आवर्जून मागावा. तो पाहण्यापूर्वी बॅटरी बदलू देऊ नये.

उन्हाळ्यातील झीज, हिवाळ्यातील प्रचीती

थंडीने बॅटरी मरते असा समज आहे. तो अर्धाच खरा. गारठ्यात बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते, इंजिनातील तेलही घट्ट होते. म्हणजे शक्ती घटते आणि गरज वाढते. परंतु बॅटरीचे आयुष्य खऱ्या अर्थाने झिजते ते उन्हाळ्यात. लखनौ किंवा विदर्भ येथील मे-जून महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा आतील पट्ट्यांचा क्षय झपाट्याने होतो. ही झीज त्या वेळी जाणवत नाही. ती उघडकीस येते जानेवारीत. म्हणून उन्हाळ्यात गाडी सावलीत ठेवणे हाच हिवाळ्यासाठी केलेला उत्तम उपाय होय.

दुसरे कारण आपल्या रोजच्या सवयीत दडले आहे. घरापासून बाजारापर्यंतच्या छोट्या फेऱ्यांत गाडी सुरू करताना खर्च झालेली वीज पुरती भरून निघत नाही. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू असेतोवर जळत राहतो. त्याचाही वाटा असतोच. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास सलग गाडी चालवावी. ती महिनाभर उभी राहणार असेल तर बॅटरीची उणे बाजूची वायर काढून ठेवावी.

घरी काय करावे, काय टाळावे

टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर साचला असेल तर वायर काढून कोमट पाण्यात कालवलेल्या खाण्याच्या सोड्याने तो पुसावा, टर्मिनल कोरडे करावे आणि स्क्रू घट्ट बसवावेत. एवढ्यानेच कित्येक गाड्या सुरू होतात. वायर काढताना उणे बाजूची आधी काढावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी. बॅटरीत गंधकाम्ल असते आणि चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू सुटतो; म्हणून जवळ काडी ओढू नये आणि मुलांना दूर ठेवावे. सीलबंद बॅटरीचे झाकण उचकटून पाणी घालण्याचा प्रयत्न कधीही करू नये.

बटण एका वेळी चार-पाच सेकंदांहून अधिक दाबू नये. दोन प्रयत्नांच्या मध्ये निदान दहा-पंधरा सेकंद थांबावे, नाही तर मोटर तापून जळते. गियरची गाडी ढकलून सुरू करता येते, पण इंधन फवारणाऱ्या गाडीची बॅटरी पुरती मेली असेल तर हा उपाय बहुधा फसतो, आणि विनागियर स्कूटरला तो लागूच पडत नाही. रिलेची दोन टोके स्क्रू ड्रायव्हरने जोडून पाहण्याचा खेळ घरी करू नये. ठिणगी उडून भाजण्याचा धोका असतो.

शेवटी बॅटरी बदलावी लागलीच, तर जुनी दुकानदाराला परत द्यावी. तिच्यातील शिसे विषारी आहे, पण वितळवून पुन्हा वापरता येते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. ती भंगारात फेकली गेली तर त्याच शिशाचा उपद्रव आपल्या मुलाबाळांना होतो.

पुढच्या खेपेस गाडी रुसली, की प्रथम ऐकावे, मग पाहावे, मग मोजावे. दुकानाची पायरी चढण्याची वेळ त्यानंतरची.