रंगाचे पाणी आणि शेतातले काड

जयपूरहून आग्र्याच्या रस्त्याने पूर्वेकडे निघाले म्हणजे सुमारे 30 किलोमीटरवर बस्सी हे तहसिलीचे गाव लागते.  मोहरी, बाजरी, गहू, भुईमूग आणि भाजीपाला पिकविणारा हा कोरडवाहू वळणाचा प्रदेश आहे. बस्सीकडून दक्षिणेस वाहत जाणाऱ्या ढूंढ नदीला पुढे द्रव्यवती येऊन मिळते, आणि ही द्रव्यवती, जिला जयपूरकर पिढ्यानपिढ्या अमानीशाहचा नाला म्हणत आले, सांगानेरच्या कापड छपाईचे रंगीत सांडपाणी दीर्घकाळ आपल्याबरोबर वाहून नेत आली आहे. एकीकडे शेतात उरणारे काड आणि टरफले, दुसरीकडे रंगाने डागळलेले पाणी; तेव्हा पहिल्याच्या साहाय्याने दुसरे निर्मळ करावे, ही कल्पना कोणाही विचारी माणसाला सुचावी अशीच आहे. तिचा गाभा शास्त्रशुद्ध आहे, यात मला संशय नाही. परंतु तिच्याभोवती जे गैरसमज जमले आहेत, ते दूर झाल्यावाचून तिचे खरे मोल कळणार नाही.

पहिला गैरसमज असा की, काड पाण्यात टाकले म्हणजे ते रंग पिऊन टाकते व रंग नाहीसा होतो. रंग नाहीसा होत नाही. त्याचे रेणू पाण्यातून निघून घन पदार्थाच्या पृष्ठभागावर जाऊन चिकटतात, आणि या क्रियेला अधिशोषण म्हणतात. कोळशाने द्रावणाचा रंग उतरतो हे अठराव्या शतकाच्या अखेरीसच लक्षात आले होते; पृष्ठभागावर रेणूंचा एकच थर बसतो असे गृहीत धरून त्याचे गणित अर्व्हिंग लँगम्यूर यांनी 1918 मध्ये मांडले. पृष्ठभाग भरला की क्रिया थांबते, म्हणून सारा खेळ पृष्ठभागाच्या विस्ताराचा आहे. उत्तम सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅमच्या अंतर्भागातील सूक्ष्म रंध्रांचे क्षेत्रफळ एक हजार चौरस मीटरच्याही पुढे जाते, तर नुसत्या वाळलेल्या काडाच्या भुकटीचे क्षेत्रफळ त्याच्या अत्यल्प अंशाइतकेच असते.

म्हणूनच या कामासाठी घ्यायचे काड प्रक्रिया केलेले असणे महत्त्वाचे आहे. कच्चे काड पाण्यात भिजत ठेवले असता त्यातील टॅनिन, शर्करा आणि इतर विद्राव्य द्रव्ये बाहेर येतात, पाणी तांबूस होते आणि त्यातील सेंद्रिय भार कमी होण्याऐवजी वाढतो. हे टाळण्यासाठी काड धुऊन, वाळवून, दळून आम्ल वा अल्कलीत मुरवतात. किंवा हवा बेताची ठेवून भाजतात. किंवा फॉस्फोरिक आम्लात भिजवून सुमारे 400 ते 500 अंश सेल्सिअसला तापवितात, म्हणजे रंध्रयुक्त कोळसा हाती येतो. मात्र या प्रत्येक प्रकारात आम्लयुक्त धुवण निघते किंवा धूर निघतो, आणि त्यांचा बंदोबस्त न करता नदी वाचविण्यास निघणे म्हणजे एका जागेचे दूषण दुसऱ्या जागी नेऊन ठेवणे होय.

दुसरा गैरसमज अधिक सूक्ष्म आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत हानिकारक आहे. अमुक टरफलाने शेकडा 98 भाग रंग काढला, असे वाचनात येते आणि प्रश्न सुटला असे वाटते. पुष्कळशा प्रयोगांत वापरलेला रंग मेथिलीन ब्ल्यू असतो, तोही शुद्ध पाण्यात विरघळविलेला. हा रंग धनभारित आहे. वनस्पतींच्या पेशीभित्तिकेतील सेल्युलोज, लिग्निन आदी द्रव्यांवरील आम्लगट पाण्यात ऋणभारित होतात, त्यामुळे ही दोन्ही परस्परांकडे आपोआप ओढली जातात. आता सांगानेर वा जयपूरजवळच्याच बगरू या छपाईच्या गावातील सुती कापडाचा विचार करा. सुतासाठी जे रिअॅक्टिव्ह आणि डायरेक्ट वर्गाचे रंग वापरतात, ते सल्फोनेट गटांमुळे ऋणभारित असतात. साधे काड त्यांना जवळ येऊ देत नाही. शिवाय रिअॅक्टिव्ह रंग कापडावर पक्का बसावा म्हणून सोडा किंवा सोडियम सिलिकेट वापरतात, त्यामुळे सांडपाणी तीव्र अल्कधर्मी होते, आणि अल्कधर्मी पाण्यात काडाचा ऋणभार आणखी वाढतो. कापड रंगविण्याच्या कुंडात तर दर लिटरला कित्येक ग्रॅम मीठही टाकलेले असते. त्यात खळ, साबण, मेण, गोंद यांची भर पडते, आणि यांतील सेंद्रिय द्रव्ये त्याच पृष्ठभागावरील जागा अडवून बसतात. यावर उपाय नाहीत असे नव्हे: पाणी आधी आम्लाने उदासीन करावे, काडावर धनभारित अमाइन गट रासायनिक रीतीने बसवावेत, किंवा भारावर फारसा अवलंबून नसणारा चांगला रंध्रयुक्त कोळसा घ्यावा. परंतु हा प्रत्येक उपाय खर्चाचा आहे, आणि मेथिलीन ब्ल्यूच्या चंचुपात्रातील यशावरून त्या खर्चाचा अंदाज येत नाही.

शिवाय शेकड्याचा आकडा हा पुरावाच नव्हे. काड पुरेसे टाकले तर शेकडा 98 भाग रंग कोणत्याही बऱ्या भुकटीने निघेल. किती ग्रॅमने किती मिलिग्रॅम धरले, हे विचारले पाहिजे. समजण्यापुरते एक गणित मांडू. एखाद्या कारखान्याचे सांडपाणी रोज एक लाख लिटर, आणि दर लिटरमध्ये 100 मिलिग्रॅम रंग, असे धरले तर रोजचा रंग 10 किलो झाला. एक ग्रॅम भुकटी प्रत्यक्षात 50 मिलिग्रॅम धरते असे मानले तर रोज 200 किलो, म्हणजे महिन्याला सहा टन भुकटी लागेल. आणि तितकीच, तीही ओली व रंगाने माखलेली, महिनाअखेर बाहेर पडेल.

येथे तिसऱ्या गैरसमजाकडे वळणे भाग आहे: शेतातला कचरा फुकट असतो. बस्सीच्या शेतकऱ्याला हे कोणी सांगू नये. बाजरीचा कडबा आणि गव्हाचा भुसा हे त्याच्या गुरांचे अन्न आहे, आणि पावसाने ओढ दिलेल्या वर्षी त्यांचा भाव धान्याशी स्पर्धा करतो. मोहरीचे काड गुरे आवडीने खात नाहीत हे खरे, पण राजस्थानातील वीटभट्ट्या ते इंधन म्हणून विकत घेतात, आणि त्यावर चालणारी वीजकेंद्रेही त्या राज्यात उभी राहिली आहेत. आपल्याकडे उसाचे चिपाड साखर कारखान्याच्या बॉयलरातच खपते, आणि कपाशीची पऱ्हाटी विदर्भात चुलीला लागते. तेव्हा भुईमुगाची टरफले किंवा मोहरीचे काड यांसारखा, चाऱ्याला धक्का न लावणारा माल निवडावा, आणि त्याची किंमत जमाखर्चात प्रामाणिकपणे धरावी, हे उचित.

चौथा गैरसमज डोळ्यांचा आहे: पाणी स्वच्छ दिसले म्हणजे शुद्ध झाले. काही रंग लिटरमागे एक मिलिग्रॅमहून कमी असले तरी डोळ्याला दिसतात, म्हणून रंगाबद्दल ओरड लवकर होते. ऑगस्ट 2017 मध्ये नवी मुंबईजवळच्या तळोजा औद्योगिक वसाहतीत निळे झालेले कुत्रे दिसले, तेव्हाच साऱ्या देशाचे लक्ष तेथल्या सांडपाण्याकडे वेधले गेले. विरघळलेले मीठ मात्र दिसत नाही, आणि अधिशोषणाने ते निघतही नाही. ज्या जिल्ह्यात भूजलाचा उपसा भरणीहून अधिक आहे, तेथे असे खारट पाणी भाजीच्या मळ्यांना दिले तर जमीन हळूहळू निकामी होते. अझो वर्गातील काही रंगांचे विघटन होऊन कर्कजनक अमाइन बनतात. त्यामुळेच भारत सरकारने 1993 मध्ये बेन्झिडीनवर आधारलेल्या 42 आणि 1997 मध्ये आणखी 70 अझो रंगांवर बंदी घातली. रंग काढणे ही शुद्धीकरणाची एक पायरी आहे, आणि तिची योग्य जागा बहुधा गाळ बसविणे व जैविक प्रक्रिया यांच्यानंतरची, शेवटच्या निर्मळतेची आहे.

राहिला प्रश्न त्या माखलेल्या भुकटीचा. शेतातून आले ते शेतातच खत म्हणून परत घालावे, असा सल्ला काही भली माणसे देतात. तो सर्वस्वी त्याज्य आहे, कारण धरलेला रंग मातीत पुन्हा सुटू शकतो. अल्कली वा मद्यार्काने भुकटी धुऊन काही वेळा पुन्हा वापरता येते, परंतु त्या धुवणात तोच रंग अधिक घट्ट होऊन उतरतो. सांडपाणी शुद्धीकरणातील रासायनिक गाळासंबंधी 2016 ची धोकादायक कचऱ्याची नियमावली आहे, आणि तिच्या तरतुदींखाली असा माल सिमेंटच्या भट्टीत जाळणे किंवा अधिकृत भरावक्षेत्रात पाठविणे हेच मार्ग उरतात.

म्हणून जयपूरच्या परिसरात कोणी काड-टरफलांनी रंग काढण्याची तजवीज करू पाहत असेल, तर त्याने प्रयोगशाळेच्या चंचुपात्रावर न थांबता त्याच कारखान्याचे खरे सांडपाणी, सणासुदीच्या हंगामातले आणि एरवीचेही, टरफलांपासून केलेल्या दाणेदार कोळशाच्या स्तंभातून अनेक आठवडे वाहू द्यावे. रंग कोणत्या दिवशी पलीकडे फुटला, क्षार किती राहिले, सेंद्रिय भार किती उतरला, टरफलांना व आम्लाला किती रुपये पडले, हे नोंदवहीत लिहावे. आणि पहिले पोते विकत घेण्यापूर्वीच वापरलेला माल नेणाऱ्या अधिकृत संस्थेशी लेखी करार करून ठेवावा.